अक्काच्या भिंतीवरची नोटीस

मसुदेरावांना खऱ्या नावानं हाक मारणारं जागा-कचेरीत आता कुणी उरलं नव्हतं. ते नोकरीला लागले तेव्हाचे साहेब गेले, त्यांच्यानंतरचे चार गेले, टेबलावरचा माणूस मात्र तोच राहिला. सरकारी जागेचं काही करायचं असलं, म्हणजे कुंपण घालायचं, टपऱ्या हलवायच्या, एखादी वाट बंद करायची, की आधी लोकांना नोटीस द्यावी लागते. आणि नोटिशीचा मसुदा म्हणजे मसुदेराव. अख्खा कागद एका वाक्यात बसवायची त्यांची हातोटी होती. पूर्णविराम द्यायचा तो सहीच्या वर, एकदाच. वकील मंडळी कागद हातात घेऊन म्हणायची, "ह्यात बोट घालायला जागा नाही." मसुदेराव यावर नुसता चष्मा पुसायचे. त्या दिवशी चहा मात्र दोनदा सांगायचे.

कपाटाच्या वरच्या फळीवर एक जाडजूड हिरवी फाइल होती. तिच्यात हरतऱ्हेच्या नोटिशीचा एकेक नमुना, सगळे मसुदेरावांच्या हातचे. त्या फाइलीला कचेरीत 'आई' म्हणत. नवा कारकून कसं लिहू म्हणून विचारायला लागला, की जुना म्हणायचा, "डोकं चालवू नकोस, आईला विचार." आईतला नमुना काढायचा, त्यात भूखंडाचा नंबर आणि तारीख घालायची, खाली मसुदेरावांची आद्याक्षरं घ्यायची, की झाली नोटीस जन्माला. पत्ते वाटणारा शिपाई घालायचा. एकोणीस वर्षांत आईला किती लेकरं झाली त्याला गणती नाही. ती जागा कुठं आहे, तिथं कोण राहतं, हे बघायची गरज कुणाला पडली नाही. नंबर असला की भागत होतं.

मध्ये एकदा वरून परिपत्रक आलं, की लोकांना पाठवायचे कागद साध्या भाषेत लिहावेत. ते खालच्या कचेऱ्यांना पोचवायचं काम अर्थातच मसुदेरावांकडे आलं. त्यांनी त्याला असं काही जोडपत्र लिहिलं, की एका कचेरीतून उलट विचारणा आली: आम्ही नक्की काय करायचं आहे? कचेरी आठवडाभर हसत होती. मसुदेरावही हसले. आपलं चुकलं काय, हे मात्र तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

महिन्यातल्या एका रविवारी ते अक्काकडे जात. अक्का त्यांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ह्यांचे दुधाचे दात पडत होते. अक्कानं शिवणयंत्रावर बसून त्यांना वाढवलं, शाळेत घातलं. हे मोठ्यानं धडा वाचायचे, ती यंत्र चालवत ऐकायची, आणि मध्येच यंत्र थांबवून पुस्तकात डोकावायची. अशी डोकावून डोकावून ती वाचायला शिकली. अजूनही वाचताना तिचे ओठ हलत. पण अकरा घरांच्या त्या गल्लीत तिच्या वयाचं, तेवढंही वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. तरण्यांना वाचता यायचं, पण सरकारी कागद म्हटला की तेही अक्काच्या दारात. अक्का चष्मा लावणार, ओठ हलवणार आणि दोन शब्दांत सांगून मोकळी होणार. तिच्या शब्दावर गल्ली चालायची. त्यातून भाऊ कचेरीत. मग तर बघायलाच नको.

बसथांब्यावरून गल्लीत जायला एक पायवाट होती. मोकळ्या सरकारी जागेच्या कडेकडेनं, दोनशे पावलांची. मसुदेराव दप्तर घेऊन याच वाटेनं शाळेत गेलेले. मध्ये सहा महिने जाणं झालं नव्हतं. त्या रविवारी ते बसमधून उतरले, सवयीनं डावीकडे वळले आणि तारेच्या कुंपणाला धडकता धडकता राहिले. नवीकोरी तार, सिमेंटचे खांब आणि मधोमध पाटी. पाटीवर त्यांच्याच कचेरीचं नाव. खाली भूखंडाचा नंबर.

नंबर ओळखीचा निघाला. पाच महिन्यांपूर्वी आईतून काढलेली नोटीस. गोदामासाठी जागा. हा नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं घातला होता, आणि घालताना त्यांचं लक्ष टेबलावरच्या चहाकडे होतं. ज्या मातीवर आपले गुडघे फुटले तिला नंबर असतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग वीटभट्टीला वळसा घालून, नाल्यावरची एक डगमगती फळी ओलांडून, अर्ध्या तासानं ते गल्लीत पोचले. पँट घोट्यापर्यंत चिखलानं माखलेली. अक्का दारात बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हे काय झालं?"

"काही नाही. फळीवरून पाय घसरला. बूट बाहेर काढ, घरभर चिखल करशील."

"कधी?"

"झाले आठ-दहा दिवस."

"मग कळवायचं नाही?"

"कळवून काय, तू येऊन हाड जोडणार होतास?"

आत शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. अक्का भांड्यापाशी गेली आणि डाव्या हातानं चहाची खुडबुड करायला लागली. मसुदेराव खुर्चीत टेकले आणि समोरच्या भिंतीकडे बघतात तर तिथं चौकटीत, काचेमागं, त्यांचीच नोटीस.

"अक्का, हे इथं कशाला लावलंयस?"

"का? तुझ्या कचेरीचं पत्र आहे. खाली तुझी दोन अक्षरं आहेत ना, मी बघताक्षणी ओळखली. सुतार म्हणाला, अक्का, फुकट चौकट करून देतो. त्याच्या घरी आलेली त्यानं खिडकीच्या फटीत कोंबली, वारा येतो म्हणून. मी चांगलं झापलं त्याला."

"वाचलीस?"

"वाचली की. चार वेळा."

"मग?"

अक्कानं प्लास्टरवरची नसलेली धूळ झटकली. "मग काय. वाटेची कार्यवाही करणार म्हणून लिहिलंय. मी सगळ्यांना सांगून टाकलं, वाट पक्की होतेय, आमच्या धाकट्यानं मनावर घेतलंय."

मसुदेराव उठले आणि काचेला नाक लावून वाचायला लागले. कागदावर असं होतं: "ज्याअर्थी उपरोक्त भूखंडाच्या पूर्वसीमेलगत अस्तित्वात असलेल्या वहिवाटीच्या पादमार्गाचे निष्कासन प्रस्तावित आहे, त्याअर्थी हितसंबंधित व्यक्तींनी प्रस्तुत सूचनेच्या निर्गमन दिनांकापासून तीस दिवसांचे कालावधीत आपले सकारण आक्षेप निम्नस्वाक्षरीकारांचे समक्ष लेखी सादर न केल्यास सदर बाबीस त्यांची मूकसंमती गृहीत धरून तदनुषंगिक कार्यवाही अनुसरण्यात येईल."

मनातल्या मनात वाचत होते तरी अर्ध्यात त्यांना दम लागला. तीस दिवसांत अकरा घरांतून एकही हरकत आली नव्हती. अक्कानं वाट पक्की होणार म्हणून सांगितलं होतं, हरकत कोण कशाला घेईल? उलट सगळे कौतुकानं वाट बघत बसले असतील. मग एक दिवस खांब आले.

"धाकट्या, एक विचारू?" अक्का चुलीकडून तोंड न वळवता म्हणाली. "ती तार घातलीय, ती काम चालू आहे म्हणूनच ना? काम उरकलं की काढतील?"

मसुदेराव काचेपासून मागं सरले. "बघतो," ते म्हणाले. उभा जन्म लोकांना बघतो म्हणत आलेल्या माणसानं बहिणीलाही तेच सांगितलं, आणि समोर आलेला चहा तोंड पोळेल इतक्या घाईनं संपवला.

सोमवारी ते मॅडमच्या दालनात गेले. मॅडम नव्या, येऊन सहा महिने झालेले, वयानं मसुदेरावांच्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी फाइल उलटली. पोचपावतीवर अकरा सह्या होत्या. पहिली अक्काची, मोठ्या गोल अक्षरांत.

"नोटीस पोचलीय, हरकत आलेली नाही, पुढच्या महिन्यात जागा गोदामाला द्यायचीय," मॅडम म्हणाल्या. "आता मी हे कशाच्या जोरावर उघडू?"

मसुदेरावांनी खिशातून घडी काढून टेबलावर उलगडली. साध्या भाषेचं परिपत्रक. "ह्याच्या जोरावर. कागद पोचला, पण त्यातलं म्हणणं पोचलं नाही."

मॅडमनी कागद वाचला आणि वर बघितलं. "ते जोडपत्र तुमचंच ना?"

"हो."

मॅडमनी हसू गिळलं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मसुदेरावांना वाटलं.

"ठीक आहे. सुनावणी ठेवते. पण कागद समजला नाही, हे लोकांनी माझ्यासमोर तोंडानं सांगायला हवं. आणि मसुदा कुणाचा, त्यात काय बिघडलं, ते तुम्ही लिहून द्यायचं. सही करून."

"आद्याक्षरं चालतील?"

"नाही. पूर्ण नाव."

तीन ओळींचं ते निवेदन लिहायला मसुदेरावांना दोन दिवस लागले. पेन टेकवलं की 'ज्याअर्थी'च बाहेर पडायचं. बायको म्हणाली, "वन्संची वाट गेली एवढं तरी सरळ लिहा." शेवटी त्यांनी लिहिलं, की सदर मसुद्याचे आकलन होण्यास काही अंशी अडचण संभवते. 'काही अंशी' घातल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. अक्काला जाऊन सांगून आले, "मॅडम विचारतील, समजलं का. तू फक्त नाही म्हण. बाकी माझ्यावर सोड." अक्का बरं म्हणाली.

सुनावणीला अकराही घरांतलं एकेक माणूस आलं. लांब टेबल, भिंतीकडेची बाकं, वर कुरकुरणारा पंखा. मिळालेली नोटीस सोबत आणा म्हणून निरोप होता. सुताराची फटीत राहून चुरगळली होती. गवंड्याच्या बायकोनं डब्याच्या तळाशी घातलेली, तिच्यावर तेलाचा गोल. अक्का चौकट घेऊन आली होती. इस्त्रीच्या कापडात गुंडाळलेली, चांगल्या हाताखाली दाबून धरलेली. मसुदेरावांना ती दिसली आणि त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मॅडमनी तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "ही नोटीस तुम्हाला मिळाली?"

"मिळाली."

"वाचता येतं तुम्हाला?"

"येतं."

"मग ह्यात काय म्हटलंय ते समजलं का?"

अक्कानं बाकांवर नजर फिरवली. चाळीस वर्षं कागद घेऊन तिच्या दारात येणारी माणसं तिच्याकडे बघत होती. मग तिनं भावाकडे बघितलं. त्याच्या टकलावर घाम आला होता.

"समजलं," अक्का म्हणाली.

"काय समजलं?"

"सगळं. चांगली लिहिलीय."

"अगं अक्का," सुतार बाकावरून पुढं झुकला.

"तू गप रे. तुला विचारलंय का?"

"मग हरकत का घेतली नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"नाही घेतली. नाही वाटलं घ्यावीशी."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. शेजारचा कारकून जबाब उतरवून घ्यायला लागला. नोटीस समजली होती, हे तीन शब्द एकदा कागदावर उतरले की वाट कायमची गेली. मसुदेरावांइतकं हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी लहानपणी शेजाऱ्याची काच फोडली तेव्हा अक्का अशीच हनुवटी वर करून, मी फोडली म्हणून उभी राहिली होती. तेव्हा ते पिंपामागं लपून बसले होते.

"ती खोटं बोलतेय," मसुदेराव उठून म्हणाले.

"धाकट्या, खाली बस."

"नाही बसत. मॅडम, तिला समजली नाही. ह्यांच्यातल्या कुणालाच समजली नाही. ती समजण्यासारखी नाहीच."

"म्हणजे मुद्दाम तशी लिहिलीत?"

नाही म्हणून सुटता आलं असतं. "मुद्दाम नाही," ते म्हणाले. "पण सगळ्यांना समजली असती तर मला आवडलं नसतं."

"का?"

"मग त्यात माझं काय राहिलं? कुणीही लिहिली असती."

मॅडम म्हणाल्या, "लोकांना काय सांगायचं होतं, ते आता तोंडी सांगा."

मसुदेराव बाकांकडे वळले. "तुमची पायवाट बंद करून तिथं गोदाम बांधणार आहोत. ते नको असेल तर एक महिन्याच्या आत कचेरीत येऊन तसं लिहून द्या. आला नाहीत तर तुम्हाला चालतंय असं समजू."

"एवढंच होतं?" गवंड्याची बायको म्हणाली.

"एवढंच."

"आणि मी त्याला सागवानी चौकट केली," सुतार म्हणाला. बाकं हसली. कारकूनही हसला. अक्का हसली नाही. तिनं मांडीवरची चौकट उलटी केली, काच खाली, आणि तिच्यावर प्लास्टरचा हात ठेवला.

गवंड्याची बायको काही भांडखोर नव्हती. तिनं साध्या आवाजात विचारलं. "पण अक्का, तू तर म्हणालीस वाट पक्की होणार."

"म्हणाले."

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तसं सांगायचं की गं. आम्ही दुसऱ्या कुणाला विचारलं असतं."

मसुदेरावांना वाटलं, आपल्याला चार शिव्या कुणीतरी द्याव्यात. पण त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं, सगळे अक्काकडे बघत होते. त्यांनी मॅडमसमोरचं आपलं निवेदन ओढून घेतलं, 'काही अंशी अडचण संभवते' यावर काट मारली आणि वर लिहिलं: हा मसुदा मी लिहिला. तो लोकांना समजला नाही. खाली पूर्ण नाव टाकलं. कारकुनानं ते नाव दोनदा वाचलं. त्याला ते आजच कळत होतं.

पुढचं सगळं कागदोपत्री सुरळीत झालं. नवी नोटीस निघाली, ती मसुदेरावांनी बोलून दाखवली होती तशीच. अकरा घरांतून अकरा हरकती आल्या. गोदाम रद्द झालं नाही, पण पूर्वेच्या कडेची पट्टी वाटेसाठी सोडायची ठरली आणि कुंपणाला एक माणूस जाईल एवढी फट पडली. मॅडमनी आई कपाटातून काढून मसुदेरावांच्या टेबलावर आणून ठेवली. "सगळी नव्यानं लिहा. आणि पाठवायच्या आधी कचेरीबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. त्याला अडली तर पाठवायची नाही."

महिन्यानं मसुदेराव त्या फटीतून, पोट आत ओढून, आडवे होऊन गल्लीत गेले. अक्काचं प्लास्टर निघालं होतं. यंत्रावरची चादर उतरली होती, पण मनगट अजून नीट वळत नव्हतं, टीप वाकडी पडत होती. भिंतीवर मोकळा खिळा. चहा आला.

ते बसले असताना गवंड्याची बायको हातात लिफाफा घेऊन दारावरून गेली. पुढं सुताराच्या घरापाशी थांबून तिनं हाक मारली. सुताराची नवी सून शिकलेली होती. अक्का यंत्रात दोरा ओवत होती. तो सुईत शिरेना. तिनं वर बघितलं नाही, पण हाक तिला ऐकू गेली होती.

"कधीपासून?" मसुदेरावांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"तुझ्याकडे यायचे बंद झाले ते."

"बरं झालं. मलाही कामं असतात."

वाट परत आली होती. हे परत आणून द्यायचा नमुना आईत नव्हता. मसुदेरावांनी पिशवीतून एक कागद काढला. "अक्का, हे वाचून देतेस?"

"मला काय कळतंय."

"म्हणूनच."

हे तोंडून निसटलं आणि त्यांचे कान तापले. अक्कानं दोरा खाली ठेवला, त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. एखादी मुस्कटात बसली तर बरी, असं त्यांना वाटत होतं. तिनं कागद हिसकावून घेतला, चष्मा लावला. ओठ हलायला लागले. दुसऱ्याच ओळीवर तिनं नख टेकवलं.

"हे काय?"

"विहित नमुन्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे… कचेरीत एक छापील कागद मिळतो, तो भरून."

"मग तसं लिहायला काय होतं तुला?"

मसुदेरावांनी पेन काढलं आणि खोडलं. ओठ पुन्हा हलले, नख पुन्हा टेकलं. ती बोट ठेवायची, हे खोडायचे. खाली पोचेपर्यंत कागदावर पांढरं कमी आणि काट जास्त झाली. एकोणीस वर्षं ज्यात कुणाला बोट घालायला जागा मिळाली नाही, त्याची शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अधू हातानं पंधरा मिनिटांत चाळण केली. शेवटी अक्कानं तो कागद उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं.

"उरलं एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मलाही लिहिता आलं असतं."

"हो."

"आणि ह्यासाठी तुला खुर्ची, पंखा, टेबल?"

मसुदेरावांनी पेनाला टोपण लावलं. अक्कानं चष्मा काढून काचा पुसल्या, पुन्हा लावला. मग तिनं त्यांच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी फुगलेली होती.

"आणखी किती आणलेत?"

"आज सातच. आईत एकशे चाळीस आहेत."

"दे," अक्का म्हणाली, "आणि ते दार लोटून घे. गल्लीला कळायला नको, तू अजून माझ्याकडे शिकवणीला येतोस ते."